फाईल घरी आणा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं)



आज कर्जफेडीवर बोलायचं नाही. मूल होण्यासाठीच्या उपचारांवर बोलायचंय. हा विषय निघाला की पदर तोंडाला जातो, ठाऊक आहे मला. पण त्यासाठी गटातून कर्ज उचलतोच ना आपण?

आपल्यातल्याच एका ताईंनी टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेतले. (त्यांना विचारूनच सांगतेय.) इंजेक्शनं झाली, स्त्रीबीज काढलं. चौथ्या दिवशी पोट टम्म फुगलं, उलट्या, लघवी कमी, धाप लागायला लागली. केंद्रात फोन केला तर म्हणे, "गॅस असेल." सासूबाई म्हणाल्या, सोसावं लागतं. शेवटी मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. या इंजेक्शनांनी अंडाशय फार सुजले की पोटात पाणी साठतं. बहुतेकींना थोडाच त्रास होतो, पण वाढला तर जिवावर बेततं. असं काही दिसलं तर तक्रार नंतर, आधी दवाखाना. रात्र असली तरी.

ताई बऱ्या झाल्या. मी म्हटलं, तक्रार करू. तर हातात एक कागद नाही! फाईल केंद्रातच.

यासाठी 2021 चा कायदा आहे, सहाय्यक जनन तंत्रज्ञानाचा. केंद्र नोंदणीकृत हवं. दुष्परिणाम आधी समजावून लेखी संमती घ्यायची, काय उपचार केले त्याचं डिस्चार्ज प्रमाणपत्र द्यायचं, नोंदी किमान 10 वर्षं ठेवायच्या. प्रत्येक केंद्रात तक्रार कक्ष हवाच. तिथे दाद लागली नाही तर राज्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे लेखी अर्ज. नाव जड आहे, मलाही पाठ करावं लागलं. अर्ज कुठे द्यायचा ते जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारू, मी सोबत येते.

"अर्ज दिला की गावभर होईल," असं ताई म्हणाल्या. केंद्राने आपली माहिती गुप्त ठेवायची, हे कायद्यातच आहे. गावात कोण बोलतं, ते मात्र आपल्याच हातात, खरं ना?

आणि पैशाचं आमिष दाखवून कुणी स्त्रीबीज द्यायला बोलावलं तर सावध. बीज देणारीचं वय 23 ते 35 हवं, आयुष्यात एकदाच देता येतं, आणि विकत घेणं-देणं गुन्हा आहे.

डॉक्टरांनी कागद मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असतात. ताईंनी परवा केंद्राला तसं पत्र दिलं, पोच घेतली. पुढच्या सभेत काय झालं ते सांगते.