कथेचा पत्ता

दिल्लीत आयटीओजवळ विष्णु दिगंबर मार्ग आहे. कुरुंदवाडच्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचं नाव त्याला दिलेलं. याच रस्त्यावर, हिंदी भवनाजवळच्या फुटपाथवर, अमरावती जिल्ह्यातून आलेल्या लक्ष्मण राव यांनी कित्येक वर्षं चहा विकला. स्टोव्हशेजारी पुस्तकं मांडलेली असत. गिऱ्हाईक सहज एखादं उचलून चाळी, आणि लेखक कोण म्हणून विचारी, तेव्हा समजे की समोर चहा गाळणारा माणूसच लेखक आहे.

राव १९७५ साली दिल्लीत आले. बांधकामावर मजुरी केली, ढाब्यावर भांडी घासली, पानाचं दुकान टाकलं, मग चहाचं. पहिली कादंबरी १९७९ साली निघाली. प्रकाशकांनी दारं लावून घेतली, तेव्हा त्यांनी आपली पुस्तकं आपणच छापली आणि सायकलवर लादून शाळा, वाचनालयं पालथी घातली.

त्यांच्या 'रामदास' कादंबरीचं मूळ मला फार मोलाचं वाटतं. त्यांच्या गावाकडचा एक मुलगा नदीत बुडाला. गाव हळहळलं, आणि आपल्या कामाला लागलं. रावांच्या मनातून मात्र तो मुलगा गेला नाही. त्यांनी लिहिलं हिंदीत, छापलं दिल्लीत, पण त्या कथेचं बी वऱ्हाडातल्या नदीकाठचं होतं.

नव्यानं लिहिणारी मुलं मला विचारतात, विषय कुठून आणायचा? मी त्यांना माझ्या कॉलनीतल्या कडुनिंबाखाली नेते. तिथे एक जोडपं कोळशाची इस्त्री घेऊन बसतं. दिल्लीच्या बहुतेक वस्त्यांत असं एक झाड असतंच. गेल्या हिवाळ्यात कपडे द्यायला गेले, तर त्या बाई म्हणाल्या, वरच्या मजल्यावरच्या साहेबांचे शर्ट महिनाभर आले नाहीत, नुसते पायजमेच येतात. साहेबांची नोकरी गेल्याचं शेजाऱ्यांना पुढे दोन महिन्यांनी कळलं. बाईंनी ते कपड्यांच्या गठ्ठ्यावरून ओळखलं होतं, आणि दुसऱ्या कोणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. त्या साहेबांची एक कथा आहेच. पण ओळखूनही गप्प राहिलेल्या बाईंची कथा मला त्याहून मोठी वाटते.

असं काही दिसायला एका जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं. पहिल्या दिवशी इस्त्रीवाली दिसते, विसाव्या दिवशी तिच्या हातावरचा जुना चटका दिसतो, आणि शंभराव्या दिवशी ती आपणहून बोलते. चहाच्या स्टोव्हमागच्या लक्ष्मण रावांना हे शंभर दिवस रोजच्या कामातच मिळाले. आपल्याला ते मुद्दाम काढावे लागतील.

एक पथ्य मात्र पाळा. माणसानं विश्वासानं सांगितलेलं जसंच्या तसं चव्हाट्यावर मांडू नका. नाव बदला, घर बदला, त्याची लाज राखा. दुःख तेवढं खरं ठेवा.

श्रोतेहो, उद्यापासून रोज सकाळी दूधवाला, रिक्षावाला, लिफ्टमन, जो कोणी भेटेल त्याला एक प्रश्न विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा. रात्री झोपण्यापूर्वी त्यातली एक ओळ वहीत उतरवा. वर्षभरानंतर तुमच्याजवळ ३६५ ओळी असतील. त्यांतली एक तरी तुम्हाला स्वस्थ बसू देणार नाही. तिथूनच लिहायला लागा.