परतीची तार

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



जून महिना आला की कवीला बोलवायचं आणि पावसावर बोलायला सांगायचं, असा आपल्याकडे जुना रिवाज आहे. मीही पावसावरच बोलणार आहे. फक्त आज माझा पाऊस एका जुन्या गाडीच्या काचेवर पडतो आहे, आणि ती काच पुसणारा वायपर बंद पडला आहे.

माझ्याकडे १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. आपण सगळे तिला फियाटच म्हणतो. १९६४ साली ती फियाट अकराशे डिलाइट या नावाने आली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. तिचा कारखाना मुंबईत, कुर्ल्याला होता. माझ्या अब्बांनी मुंबईत तीस वर्षं टॅक्सी चालवली, पण ती दुसऱ्याच्या मालकीची. ही गाडी त्यांनी १९९१ साली वापरलेली घेतली. त्यांची स्वतःची अशी ही पहिली आणि शेवटची गाडी. तिचा प्रत्येक नटबोल्ट त्यांच्या हाताखालून गेलेला. वायपरची मोटारसुद्धा त्यांनी घरी वर्तमानपत्र पसरून उघडली होती, कार्बन बदलले होते, ग्रीस भरलं होतं आणि पुन्हा बंद केली होती. नंतर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि किल्ली माझ्या हाती आली.

किल्ली हाती आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? २००४ च्या उन्हाळ्यात गाडीला रंग दिला. डेंटिंग, पेंटिंग, बॉनेटच्या आतसुद्धा रंग. गाडी नव्या नवरीसारखी दिसू लागली. अब्बांनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान. आतून बघितलीस का?" मी हो म्हणालो. म्हणजे मी रंग बघितला होता.

जुलैत आम्ही खेडजवळच्या आमच्या गावाहून पनवेलला परत निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची वेळ ठरली होती, म्हणून रात्रीच निघालो. मागच्या सीटवर अब्बा आणि अम्मी. कशेडी घाटात पाऊस असा कोसळू लागला की समोर रस्ता आहे हे केवळ विश्वासावर चालू होतं. आता तिथे बोगदा झाला आहे. तेव्हा घाटाशिवाय वाट नव्हती. पोलादपूरच्या बाजूला उतरताना वायपर जड झाला. एकेक फेरी लांबू लागली. मग दोन्ही पाती काचेच्या मधोमध येऊन उभी राहिली.

ज्यांनी पावसाळ्यात रात्री घाटातून गाडी चालवली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. समोरून एसटी आली आणि तिच्या दिव्यांनी अख्खी काच पांढरी झाली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, रस्त्याची कड चाचपत गाडी एका रुंद जागेवर नेऊन उभी केली. मागून आलेला एक ट्रक इतक्या जवळून गेला की गाडी हलली. अम्मी काही बोलली नाही, पण तिने माझा खांदा धरला तो बराच वेळ सोडला नाही. उजाडेपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची वेळ टळली ती टळलीच.

पनवेलला आल्यावर गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या वायरमनने मोटारच्या दोन्ही तारा सोडवल्या आणि त्यांना चाचणीचा दिवा लावला. दिवा लख्ख पेटला. "करंट येतोय साहेब, मोटार गेली." मला ते पटलं. जुनी मोटार देऊन, वर पैसे घालून दुरुस्त केलेली दुसरी मोटार घेतली. वायपर झकास चालू लागला. आठ दिवस. नवव्या दिवशी पुन्हा तेच.

दुसऱ्या ठिकाणी स्विच बदलला. तिसऱ्या ठिकाणी फ्यूज, आणि "वायरिंग जुनं झालंय" असं सांगून दोन तारा बदलल्या. प्रत्येक वेळी वायपर चार दिवस चाले आणि रुसे. सगळं मिळून तीन हजार रुपये गेले. त्या काळात ते थोडे नव्हते.

मग एका संध्याकाळी आम्ही पनवेलमध्येच वळणासाठी थांबलो होतो. पाऊस रिमझिम. वायपर कसाबसा चालत होता. मी डावीकडची साइड दिली. मागून अब्बा म्हणाले, "ऐकलंस का?"

"काय?"

"साइडचा दिवा टिकटिक करतो तेव्हा वायपर लंगडतो. बंद कर साइड. आता ऐक. पुन्हा दे."

मी ऐकलं. खरंच, दिवा पेटला की वायपर अडखळे, दिवा विझला की एक पाऊल पुढे टाके. श्रोतेहो, मी वृत्तात लिहिणारा माणूस. एक मात्रा कमी पडली तर मला रात्री झोप येत नाही. पण महिनाभर माझ्या नाकासमोर हा ताल चुकत होता आणि तो ऐकला डोळ्यांनी अधू झालेल्या माझ्या बापाने.

"दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना त्रास देतात," अब्बा म्हणाले, "म्हणजे त्यांचं काहीतरी एकच आहे. ते शोध."

ते एकच म्हणजे काय, हे सांगण्यासाठी थोडं विजेबद्दल बोलतो. वायपरला जाणारी वीज बॅटरीतून निघते, किल्लीच्या स्विचमधून, फ्यूजमधून, वायपरच्या स्विचमधून मोटारीत येते. ही झाली जाण्याची वाट. पण विजेला परतही जावं लागतं. घरात परतीसाठी वेगळी तार असते. गाडीत ते काम गाडीचा पत्राच करतो. बॅटरीचं एक टोक पत्र्याला जोडलेलं असतं, आणि मोटारीतून निघणारी काळी तार जवळच एका स्क्रूने पत्र्याला आवळलेली असते. गॅरेजवाले तिला अर्थ म्हणतात. आवाज होऊ नये म्हणून माझ्या मोटारीच्या खाली रबर आहे, त्यामुळे मोटारीचा अंगचा पत्र्याशी संबंध नाही. तिची सारी भिस्त त्या एका काळ्या तारेवर.

आम्ही बॉनेट उघडलं. मागच्या पत्र्यावर तो स्क्रू सापडला. कुणीतरी कधीतरी पुढच्या साइडच्या दिव्याची परतीची तारही त्याच स्क्रूखाली आणली होती. आणि तारेच्या टोकाची थिंबल, स्क्रूचं डोकं, भोवतालचा पत्रा, सगळ्यावर सुंदर, चकचकीत, एकसारखा रंग. माझाच रंग. तो खरवडला तर खाली तांबडा गंज. रंगातून वीज जात नाही, गंजातून नीट जात नाही. प्रत्येक मिस्त्रीने काम करताना तो स्क्रू सैल करून पुन्हा आवळला होता, तेवढ्याने थोडा गंज घासला जाई आणि चार दिवस वायपर चाले. मग पावसाचं पाणी आपलं काम करी.

मग चाचणीचा दिवा लख्ख कसा पेटला? मलाही हा प्रश्न पडला होता. उत्तर साधं आहे. समजा त्या गंजाचा अडथळा तीन ओहम आहे. चाचणीच्या छोट्या दिव्याला लागतो पाव अँपिअर. एवढ्याशा प्रवाहाला त्या अडथळ्यापाशी पाऊण व्होल्टच द्यावा लागतो. बारातला पाऊण गेला तर दिव्याला फरक पडत नाही. पण वायपरच्या मोटारीला काच पुसताना दोन ते चार अँपिअर लागतात. तिचे बारापैकी पाचएक व्होल्ट तिथेच अडतात, आणि उरलेल्या सातात ती घाटातला पाऊस पुसणार कशी? एकटा माणूस ज्या बोळातून सहज जातो त्याच बोळात वरात अडकते, तसं हे.

म्हणून ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. आधी कान लावा. स्विच दिल्यावर मोटार गुणगुणते पण पाती हलत नाहीत, तर दोष बहुधा विजेचा नाही. सांधे गंजलेत किंवा दांडा अडकलाय. अशा वेळी पाती हाताने जबरदस्तीने फिरवू नका, आतला दाता तुटतो. मोटार अगदीच गप्प असेल तर फ्यूज बघा. माझ्या गाडीत चिनी मातीच्या दांडीवर धातूची पट्टी असलेले फ्यूज आहेत. पट्टी शाबूत असूनही टोकं काळवंडली की वीज अडते. बोटाने फ्यूज जागच्या जागी फिरवला आणि वायपर चालू झाला, तर टोकं आणि चिमटे पॉलिश पेपरने साफ करा. फ्यूज बदलाल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळण्याचा प्रकार मी पाहिला आहे; त्याने फ्यूज वाचतो आणि गाडी जळते.

त्यानंतर मोटारीला बॅटरीवरून थेट दोन जाड तारा लावून बघा. हात दांड्यापासून लांब ठेवा, तो अचानक फिरतो. थेट तारांवर मोटार जोमाने चालली तर ती निर्दोष. ठोकल्यावर चालते आणि पुन्हा थांबते, तर कार्बन झिजलेत. मोटार निर्दोष ठरली की गाडीची तार पुन्हा जोडा आणि फक्त एक जादा तार मोटारीच्या अंगापासून बॅटरीच्या अर्थच्या टोकाला लावा. वायपर पळू लागला, तर चोर परतीच्या वाटेवर आहे. तरीही मंदच राहिला, तर जाण्याची वाट तपासा: स्विच, किल्ली, मधले जोड.

मीटर असेल तर आणखी सोपं. वायपर चालू ठेवून मीटरची एक सुई मोटारीच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या अर्थच्या टोकावर टेकवा. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा असावा. माझ्या गाडीत तो पाच होता. तारा सोडवून मोजू नका. काम चालू असताना मोजा. दोष कामातच दिसतो.

आणखी एक. स्विच बंद केल्यावर पाती खाली जाऊन न झोपता काचेच्या मधेच थांबतात, अशी तक्रार असते. स्विच बंद केला तरी पाती खाली पोचेपर्यंत वीज मिळत राहावी म्हणून मोटारीच्या आत एक छोटी टाचणीएवढी जोडणी असते. ती काळवंडली की पाती जिथल्या तिथे थांबतात, आणि चिकटून बसली की थांबतच नाहीत. तिथेही आधी सफाई, मग खरेदी.

हे सगळं आम्ही एका रविवारी केलं. अब्बा स्टुलावर बसून सांगत होते, मी करत होतो. रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला, नवी थिंबल लावली, स्क्रू आवळला आणि पाणी शिरू नये म्हणून वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला. एकूण खर्च अकरा रुपये. वायपर असा पळू लागला की अब्बा हसले. मग त्यांनी विचारलं, "आपली जुनी मोटार कुठे आहे?"

मी दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या गॅरेजमध्ये गेलो. मोटार भंगारात गेली होती. भंगारवाल्याकडेही गेलो, तिथून माल पुढे गेला होता. परत येऊन अब्बांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मोटार गेली नव्हती. आपण घालवली."

त्यांनी "तू" म्हटलं नाही, "आपण" म्हटलं. ते मला जास्त लागलं.

त्या मिस्त्रींना मी दोष देत नाही. त्यांच्या दारात गाड्या उभ्या असतात आणि गिऱ्हाईक घाईत असतं. वस्तू बदलली की काम झाल्यासारखं दिसतं. वाट तपासायला वेळ लागतो आणि त्याचे पैसे मागता येत नाहीत. घाई माझीच होती. आणि रंगही माझाच.

अब्बांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया पुढे झाली, त्यांना दिसूही लागलं. आता ते नाहीत. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. माझी गाडी मात्र आहे. दर वर्षी मे महिना संपता संपता, मृग लागण्याआधी, मी बॉनेट उघडतो. तो स्क्रू सैल करतो, तार पुसतो, पुन्हा आवळतो. मग बादलीभर पाणी काचेवर ओततो, वायपर चालू करतो आणि साइड देतो. दिवा टिकटिक करतो, आणि वायपर आपल्या चालीने चालत राहतो. तो लंगडत नाही ना, एवढं ऐकून घेतो.