फळीखालचा चिमटा आणि कापडी बाई



पत्रिकेत 'मादाम द्यु कुद्रे आणि फ्रान्समधल्या सुइणी' असं छापलंय. निघालोय तिकडेच, पण वाटेत माझा एक हट्ट आडवा येईल. अडलेली बाई अवजारानं सुटत नाही, ते वापरायचं शिक्षण गावोगाव पोचलं तर सुटते. पहिल्या रांगेत प्रसूतितज्ज्ञ बसलेत. रोख त्यांच्यावर नाही! (हशा)

 

आधी अवजाराची गोष्ट. चेंबरलेन नावाचं वैद्यांचं घराणं 1569 मध्ये फ्रान्स सोडून इंग्लंडला आलं. याच घराण्यात बाळाचं डोकं धरून ओढणारा चिमटा तयार झाला. तोवर बाळ अडलं की आकड्यानं काढत, आणि ते बहुधा मेलेलंच निघे. मग या मंडळींनी काय केलं? चिमटा लपवला! म्हणतात, मोठी पेटी दोघं उचलून आणत, नातेवाइकांना बाहेर काढत आणि बाळंतिणीच्या डोळ्यांवर पट्टी बांधत. 1670 मध्ये ह्यू चेंबरलेन हे गुपित विकायला पॅरिसला गेला. मोरिसो नावाच्या नामांकित प्रसूतिवैद्यानं त्याच्यापुढे मुडदुसानं कटी आवळलेली एक अडलेली बाई ठेवली. "काही मिनिटांत सोडवतो," अशी ह्यूची बढाई. तीन तास झटला. बाई दगावली. सौदा फिसकटला आणि गुपित घराण्यातच राहिलं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? अजून मी मादामपर्यंत पोचलोच नाही! (हशा)

तर तिकडे फ्रान्समध्ये 1759 मध्ये राजा पंधराव्या लुईनं मादाम द्यु कुद्रे या सुइणीला गावोगाव जाऊन सुइणींना शिकवण्याची सनद दिली. पुस्तक तिनंही लिहिलं, पण शिकायला येणाऱ्या पुष्कळ जणींना अक्षरओळख नव्हती. म्हणून तिनं कापड आणि चामड्याची बाई शिवली. पोटात बाळ, बाळाला नाळ, सोबत वार. दोन महिने हाच वर्ग. बाळ पायाळू असेल तर हात कुठे घालायचा, हे बोटांनी शिकायचं. सभागृहात कुणी पायाळू आहे का? माझी कंबर धरलीय, जाताना एक लाथ मारून जा. (प्रचंड हशा)

डॉक्टर मान हलवताहेत. कच्च्या हातात चिमटा दिला तर घात होईल, असंच ना? कबूल. म्हणून तर हात पक्का करणारी ती बाहुली मला मोठी वाटते.

दिवे मंद व्हायला लागले, म्हणून आवरतो. चिमट्याची गोष्ट अर्धवट राहिलीय: 1733 मध्ये एडमंड चॅपमन नावाच्या इंग्रज वैद्यानं चिमट्याची माहिती छापली आणि गुपित फुटलं. चेंबरलेनांचे अस्सल चिमटे मात्र 1813 मध्ये एसेक्समधल्या त्यांच्या जुन्या घरात, फळ्यांखाली पुरून ठेवलेले सापडले. मादामची एक बाहुली आजही फ्रान्समधल्या रुआंच्या संग्रहालयात आहे. कुणालाही बघता येते.