शूटिंग संपलं, आता पुढे?
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू सिनेमावाला, नट-नट्यांचे किस्से सांग." पण माझं काम सुरू होतं तेव्हा नटमंडळी बहुतेक घरी गेलेली असतात. माझ्या कामाला पोस्ट-प्रॉडक्शन सुपरवायझर म्हणतात. शूटिंगमध्ये जे मिळालं ते संकलन, आवाज, संगीत, रंग अशा टप्प्यांतून थिएटरपर्यंत सुखरूप न्यायचं, एवढंच ते काम.

इथे बसलेले निम्मे लोक पिंपरी, भोसरी नाहीतर चाकणच्या कंपन्यांतले, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. पाळी बदलताना पहिल्या पाळीचा माणूस दुसऱ्याला सांगून जातो: कुठलं मशीन कुरकुरतंय, किती नग झाले, किती रिजेक्ट गेले. शिवाय लॉगबुकात लिहून ठेवतो. शूटिंगचा शेवटचा दिवस म्हणजे अशीच पाळी बदलणं. फरक इतकाच, की आमची पहिली पाळी दुसऱ्या दिवशी परत येत नाही. सेट मोडलेला असतो, कॅमेरामन दुसऱ्या गावी गेलेला असतो आणि नायकाने दाढी काढलेली असते. तेव्हा काय राहिलं हे विचारायला कोणी नसतं. जे लिहिलेलं असेल तेच खरं.

हे आजचंच नाही. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. फिल्म होती सुमारे 3700 फूट. तिचं धुणं, जोडणं सगळं दादरच्या राहत्या घरात झालं. कच्च्या फिल्मला कडेची भोकंसुद्धा घरीच, अंधारात पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई फाळके करत आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही बघत. आपण नाव घेतो ते दादासाहेबांचं. माझ्या धंद्याची मूळ पुरुष मात्र मी त्या माउलीला मानतो.

आता फिल्म गेली, कार्ड आलं. पण काळजी तीच. कॅमेऱ्यातलं कार्ड निघालं की त्याच्या तीन प्रती करायच्या आणि त्यातली एक दुसऱ्या जागी ठेवायची. प्रत मूळ कार्डाशी तंतोतंत जुळते हे संगणकाने तपासल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. आवाज वेगळ्या यंत्रावर घेतलेला असतो. तो चित्राशी जुळवायला ती क्लॅपची पाटी. एका सेकंदात 24 चित्रं. दोन-चार चित्रांचा फरक पडला तरी ओठ आणि शब्द वेगळे वाटायला लागतात. कॅमेऱ्याची नोंद, आवाजाची नोंद आणि कुठला टेक दिग्दर्शकाला आवडला याची नोंद, हे तीन कागद रोज संध्याकाळी माझ्याकडे आलेच पाहिजेत. शेवटच्या दिवशी गठ्ठ्याने नाही.

पुढे संकलन पक्कं झालं, की त्याला आम्ही पिक्चर लॉक म्हणतो. त्यानंतरच आवाजवाले, संगीतकार, रंगवाले आपापलं काम घेतात. लॉक झाल्यावर दिग्दर्शकाने एक शॉट लांबवला, की पुढचं सगळं सरकतं आणि सगळ्यांना पुन्हा बसावं लागतं. डाय बनल्यावर ड्रॉइंग बदललं तर टूलरूममध्ये काय होतं, ते तुम्ही जाणताच.

काही वर्षांपूर्वी चाकणजवळ एका बंद शेडमध्ये छोट्या मराठी सिनेमाचं शूटिंग झालं. एका निवृत्त कामगार काकांनी त्यात काम केलं होतं. ते जुनी प्रेस शेवटची बंद करतात, असा पाच मिनिटांचा अखंड शॉट होता. शेड महिन्याभरात पाडली जाणार होती, प्रेस भंगारात. मी आवाजवाल्याला म्हटलं, "काकांना घेऊन नुसती प्रेस अर्धा तास चालव आणि रेकॉर्ड कर. नंतर ती रिकामी शेडही एक मिनिट रेकॉर्ड कर." युनिट दमलेलं होतं, चिडलं. पुढे महिन्याभराने संकलनाच्या टेबलावर एक हार्ड डिस्क उघडेना. नेमका तोच दिवस तिच्यात होता. तोवर शेडच्या जागी सपाट जमीन झाली होती. दुसरी प्रत दुसऱ्या घरात होती, म्हणून दुपारपर्यंत काम पुन्हा सुरू झालं. पहिल्या खेळाला काका सहकुटुंब आले. बाहेर पडताना एवढंच म्हणाले, "आवाज आमच्याच प्रेसचा आहे." मला त्या कामाची याहून मोठी पावती नको.

एक गोष्ट पैशाची. कितीतरी मराठी सिनेमे शूटिंग पूर्ण होऊन डब्यात पडून राहतात. कारण बहुतेक वेळा एकच: सगळा पैसा शूटिंगमध्ये संपतो. घर बांधताना प्लास्टरचे पैसे स्लॅबमध्ये घातल्यासारखं. म्हणून कोणी निर्माता भेटला तर मी पहिल्या बैठकीतच सांगतो, की पोस्टचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्या खात्याचं चेकबुक शूटिंगला आणू नका. तुमच्यापैकी कोणाचा मुलगा-मुलगी या वाटेला लागली असेल, तर त्यांनाही हेच सांगा.

आणि बनलेलं टिकवणं हेही कामच आहे. 1931 चा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच उरला आहे. पुण्यात 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, तोवर बरंच काही गेलं होतं.

म्हणून शेवटी एक विनंती. आपल्या स्नेहसंमेलनांच्या व्हिडिओ कॅसेट कोणाकोणाच्या घरी माळ्यावर असतील. टेपला बुरशी लागते, आणि ती चालवायची यंत्रंही आता मिळेनाशी झाली आहेत. आपले काही सर आणि बाई आज नाहीत; त्यांचा आवाज कदाचित फक्त तिथेच असेल. कॅसेट घरी चालवून बघू नका, तशाच माझ्याकडे आणून द्या. कॅसेटवर वर्ष आणि कार्यक्रम लिहा, आठवत नसेल तर अंदाजे लिहा. मी प्रती करून एक शाळेला देईन, एक तुम्हाला देईन आणि तिसरी माझ्याकडे ठेवीन. मूळ कॅसेट तुमची तुम्हाला परत.