पाकातली खळबळ



"तू कॉम्प्युटरवर नेमकं करतेस काय गं?" सकाळपासून चौघींनी विचारलं. मी द्रवांच्या प्रवाहाची गणितं सोडवणारं सॉफ्टवेअर लिहिते. त्यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट सांगते.

नळ जोरात सोडला की पाणी खळबळतं. मध ओतला तर शांतपणे उतरतो. घट्ट आणि संथ द्रवात खळबळ नाही, असं आपण शिकलो. 2000 साली इस्रायलच्या वाइझमान संस्थेत ग्रोइसमन आणि स्टाइनबर्ग यांनी साखरेचा पाक घेतला. 65 टक्के साखर, म्हणजे जवळजवळ गुलाबजामचाच! त्यात पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड हे लांबलचक रेणूंचं पॉलिमर घातलं, दहा लाखांत फक्त 80 भाग. भांड्यात वरून चकती सावकाश फिरवली, आणि पाकात खळबळ माजली. हेच इलॅस्टिक टर्ब्युलन्स.

भेंडी चिरताना तार सुटते ना, तीही अशाच लांब रेणूंची करामत. गोल फिरताना हे रेणू रबरासारखे ताणले जातात, आकसू बघतात आणि द्रवाला आत, केंद्राकडे ओढतात. ओढ वाढली की प्रवाहाचा तोल जातो.

पुढच्याच वर्षी त्यांनी असा द्रव नागमोडी नळीतून सोडला. एरवी शेजारी शेजारी, न मिसळता जाणारे दोन प्रवाह छान एकजीव झाले. चिपवर रक्ताची चाचणी करताना हीच अडचण असते. केसाएवढ्या वाटेत रक्त आणि रसायन मिसळता मिसळत नाही. अर्धवट मिसळलं तर आकडा चुकतो, आणि त्या आकड्यावर कुणाचं तरी औषध ठरतं.

हे कॉम्प्युटरवर मांडताना मात्र प्रोग्रॅम कोसळायचे. रेणू किती ताणला गेला, हे मोजणारी संख्या धनच हवी; पण हिशेबातल्या बारीक चुका साठून ती ऋण व्हायची, की संपलं. 2004 साली फत्तल आणि कुफरमन यांनी सुचवलं : ताण थेट सोडवू नका, त्याचा लॉग सोडवा. लॉग हवा तेवढा खाली जाऊ दे, अँटीलॉग ऋण येतच नाही! बाई, तुम्ही पाठ करून घेतलेलं लॉग टेबल मी अजून वापरते, बरं का.

तरी प्रवाहाचे किती बारीक तुकडे पाडून गणित करायचं, यावरून ऑफिसात आमची भांडणं होतात. गेल्या आठवड्यातलं अजून मिटलेलं नाही.