काठी गेली, पाटी आली

(विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नाही. बँकेत कारकुनी करतो, दिवसभर आकड्यांशी गाठ. कला शाखेची पदवी घेतली, तेवढाच काय तो साहित्याशी संबंध. कार्यकर्त्यांनी 'दोन शब्द बोला' असा आग्रह धरला, तेव्हा मोठ्या विषयाला हात घालण्यापेक्षा आमच्या घरातल्या एका गाण्याविषयी बोलावे असे ठरवले. हे गाणे कोणत्याही पुस्तकात नाही. आमच्या घरात चार पिढ्यांची मुले हे ऐकून झोपेतून उठली.

आमचे गाव माणदेशातले. पाऊस कमी, ज्वारी-बाजरीचा मुलूख. गावात पिठाची गिरणी येण्यापूर्वी घरोघरी पहाटे जाते फिरायचे. बाया कोंबडा आरवायच्या आधी उठत. एक पाय लांब पसरून बसायचे, एका हाताने खुंटा धरायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ वैरण घालायची. पसरलेल्या पायावर डोके ठेवून लहान मूल झोपलेले असे. जात्याची घरघर त्याच्या कानात आणि अंगातही जायची. दळण संपत आले की त्याच चालीत त्याला उठवायचे. आमच्या पणजीची ओवी अशी होती :

ऊठ माझ्या राजा, उजाडलं गावामंदी
वाड्याची हाक आली, काठी घे हातामंदी

ऐकायला गोड वाटते. परंतु मित्रहो, ही काठी कोणती? ती येसकराची काठी. आमच्या आजोबांच्या घराण्याकडे येसकराची पाळी असे. सरकारी माणूस आला की त्याच्या पुढे चालायचे, सांगावे पोहोचवायचे, दवंडी द्यायची, रात्री गाव राखायचे आणि संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी मागून आणायची. वाड्यावरून हाक आली की वेळ-अवेळ म्हणायची सोय नाही. आई मुलाला राजा म्हणून उठवते आणि त्याच ओळीत त्याला दुसऱ्याच्या दारी पाठवते! पणजीला याचे दुःख नव्हते असे कोण म्हणेल? पण तिच्या जगात सकाळ म्हणजे वाड्याची हाक, एवढेच होते.

या वतनाची बेडी बाबासाहेबांनी ओळखली होती. 1928 साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतन म्हणजे मान नव्हे, ती गुलामगिरी आहे, हे त्यांनी समाजाला पटवून दिले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. त्याआधी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झालेली होती. गावोगाव माणसांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, भाकरी मागणे सोडले. आमच्या आजोबांनी काठी आढ्याला खोचली ती कायमची.

त्याच सुमारास आमचे वडील शाळेत जाऊ लागले. आजी निरक्षर. तिने कोणाला न विचारता ओवीतले चार शब्द बदलले :

ऊठ माझ्या राजा, उजाडलं गावामंदी
शाळेची घंटा झाली, पाटी घे हातामंदी

चाल तीच, जाते तेच, पहिली ओळही तीच. काठीच्या जागी पाटी आली, वाड्याच्या जागी शाळा आली. मोठमोठ्या ग्रंथांत जो बदल पानेच्या पाने लिहून सांगतात, तो आमच्या आजीने चार शब्दांच्या फरकाने सांगितला. मात्र तिने पणजीची ओवी टाकून दिली नाही. आधी काठीची ओवी म्हणायची, मग पाटीची. आमच्या आईनेही तोच क्रम ठेवला. आमच्या लहानपणी जाते कोपऱ्यात गेले होते. आई स्टोव्हला पंप मारता मारता दोन्ही ओव्या म्हणायची आणि आम्ही भावंडे गोधडीतून तोंड बाहेर काढायचो.

आता आमच्या चुकीकडे वळतो. नोकरी लागली, शहरात बिऱ्हाड केले, भिंतीला भिंत लागून शेजार आला. आमच्या मुलीला उठवताना आई मोठ्याने ओव्या म्हणू लागली. 'राजा'ची तिने 'राणी' केली होती. एके दिवशी आम्ही तिला म्हणालो, "आई, ते काठीचं नको म्हणूस. शेजारी काय म्हणतील?" आईने आमच्याकडे फक्त पाहिले. दुसऱ्या दिवसापासून तिने नुसती पाटीची ओवी म्हटली, तीही हळू आवाजात. पदवीधर मुलाला लाज वाटली ती स्वतःच्या पणजीची! आज ते आठवले की मान खाली जाते.

2019 साली आई गेली. पुढे दोन वर्षांनी मुलीला शाळेतून घरातल्या जुन्या ओव्या लिहून आणायला सांगितले. आम्हाला दोनच आल्या. आईला तर कितीतरी येत होत्या. बँकेत एका पैशाचा फरक पडला तर आम्ही रात्री उशिरापर्यंत बसतो. पण घरातल्या या ठेवीची एक नोंद आम्ही कधी केली नव्हती. मुलीने आणखी एक प्रश्न विचारला, "आजी पाटीच का म्हणायची? दप्तर का नाही?" काठी तिने ऐकलेलीच नव्हती, मग पाटीचे मोल तिला कसे कळावे?

गावी आत्याला फोन केला. ती दोन ओव्यांनंतर अडली. म्हणाली, "जात्याबिगर सुचत न्हाई रे बाबा." मग आम्ही मुलीला घेऊन गावी गेलो. परड्यातले जाते धुतले, नवा खुंटा ठोकला. जाते रिकामे फिरवू नये म्हणून आत्याने मूठभर ज्वारी घातली. हात फिरू लागला तशा ओव्या येत गेल्या. एकूण अकरा मिळाल्या. मुलीने मोबाईलवर आवाज घेतला आणि रात्री वहीत उतरवून काढले.

हे काम मोठ्या प्रमाणावरही झालेले आहे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पोयटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत आपल्या मायबहिणींनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. परंतु तुमच्या घरातली ओवी त्यांच्यापर्यंत पोहोचली असेलच असे नाही.

उपासक-उपासिकांना एक गोष्ट ठाऊक आहे. भगवान बुद्धांचे वचन कित्येक शतके भिक्खूंनी मुखोद्गत ठेवले. युद्ध आणि दुष्काळात पठण करणारेच राहिले नाहीत तर काय, ही चिंता पडली, तेव्हा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत ते लिहून काढले गेले, अशी परंपरा सांगते. तोंडी ठेव लिहून ठेवण्याची वेळ ओळखणे, हेही शहाणपण आहे.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, आज तुम्हाला बक्षीस म्हणून वह्या मिळाल्या आहेत. त्यांतल्या एका वहीची पहिली पाने आजीसाठी ठेवा. ती म्हणेल ते लिहा. तिच्या शब्दाचे शुद्धलेखन सुधारू नका. आणि त्यात काठी आली तर ती गाळू नका. आम्ही गाळली होती. आता आमची मुलगी पुन्हा दोन्ही ओव्या म्हणते, आणि तेही मोठ्याने.



नमो बुद्धाय! जय भीम!