पुन्हा आकाशाकडे

१९८६ सालीं हॅलेचा धूमकेतु आला, तेव्हां मुंबईंतील कित्येक मुलांस आकाशनिरीक्षणाचा नाद लागला. पुढें नोकरी व संसार यांत तो सुटला. आतां केस पिकल्यावर गिरगांवांतील चाळीची गच्ची चढणाऱ्यास प्रथम वाटतें, कीं आपण सारें विसरलों. परंतु माघांतील संध्याकाळीं मृग दक्षिणेस उंच येतो. त्याच्या पोटांतील बाणाचे तीन तारे खालीं व्याधाची व वर रोहिणीची वाट दाखवितात, आणि जुनी ओळख परत मिळते. तारे जागच्या जागींच आहेत. गेलेला काळ सांगतो तो शनि. सुमारें साडेएकोणतीस वर्षांची त्याची एक प्रदक्षिणा मध्यंतरीं पुरी झाली.

हरवलें आहे तें निराळेंच, श्रोतेहो. शहराच्या दिव्यांत आकाशगंगा बुडाली. कृत्तिकांचे सहा तारे मोजणेंहि कठीण. म्हणून परतणाऱ्यानें दुर्बिणीची घाई करूं नये. अंधारास डोळे सरावण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात. तेवढा धीर धरावा. ठळक तारे घरूनच पाहावे. अंधुक ताऱ्यांसाठीं अमावास्येच्या सुमारास शहराबाहेर जावें. खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम वांगणीस होत आले आहेत. जातांना घरांतील लहानग्यासहि न्यावें. हॅलेचा धूमकेतु २०६१ सालीं पुन्हा येईल, तेव्हां तो ओळखणारें घरांत कोणी तरी असावें.